साउंड कार्ड घ्यायचंय: रात्री गेमिंग आणि आजीची कानबाईची गाणी, दोन्हीसाठी

बोरीकाठ (अमळनेर) – रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

घरी डेस्कटॉप आहे. रायझन ५, १६ जीबी रॅम, मध्यम ग्राफिक्स कार्ड, साउंड मदरबोर्डवरचाच. रात्री व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो, बाकी वेळ गाणी ऐकतो. आतापर्यंत भागत होतं.

आता अडचण अशी. माझ्या आजीला कानबाईची (आमच्या खान्देशातली देवी) गाणी, जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी सगळं अहिराणीत तोंडपाठ आहे. वय ८१. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा गल्लीतल्या बाया तिला मुद्दाम घेऊन जातात. गेल्या वर्षी मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर निम्मा आवाज पंख्याचाच आला. यंदा श्रावणाच्या आत सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचंच, असं ठरवलंय.

म्हणून एक कंडेन्सर माईक मागवला आणि पीसीच्या गुलाबी जॅकला लावला. आवाज अगदी बारीक येतो आणि मागे सारखा 'हंऽऽऽ' असा घुमतो. हेडफोनमध्येही तोच 'हंऽऽऽ' आहे. शिवाय माऊस हलवला किंवा गेम सुरू केला की 'चीं चीं' येतं. गेममध्ये पावलं डावीकडून की मागून, ते समजत नाही. दुकानदार म्हणाला साउंड कार्ड टाका, सगळं जाईल.

बजेट ८ हजार. आत बसणारं पीसीआय-ई कार्ड घेऊ की बाहेरचं यूएसबी? कोणतं घेऊ तेही सांगा.

पांझरा (धुळे) – रविवार, रात्री ११.०५

भाऊ, डोळे झाकून साउंड ब्लास्टर घ्या, आतलं. कॉलेजात असताना धुळ्याच्या कॅफेत एका मशीनला साउंड ब्लास्टर लाइव्ह होतं, त्या मशीनवर बसायला नंबर लागायचा. गुहेत शिरलं की आवाज घुमायचा, पाण्याखाली गेलं की दबायचा. बाकीच्या मशीनवर तोच गेम पत्र्याचा डबा वाजल्यासारखा वाटायचा. ऑनबोर्ड साउंडला ती सर येणार नाही, हे मी स्वतः ऐकलेलं सांगतोय.

केळीबाग (रावेर) – सोमवार, सकाळी ७.२०

एक विचारतो. तो 'हंऽऽऽ' लाइट असतानाही येतो की इन्व्हर्टरवर गेल्यावर? माझ्याकडे स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर आहे. लोडशेडिंग झालं की स्पीकरमध्ये भुंगा शिरल्यासारखं होतं, लाइट आली की गप्प. इन्व्हर्टर तसा असेल तर कार्ड बदलून फरक पडायचा नाही. प्युअर साइन वेव्हचा लागतो.

बोरीकाठ – सोमवार, सकाळी ८.०२

केळीबाग दादा, लाइट असतानाही येतो. इन्व्हर्टरवर पीसी नाहीच, फक्त पंखे आणि ट्यूब आहेत.

गिरणाकाठी (भडगाव) – सोमवार, दुपारी २.३०

बोरीकाठ, पैसे खिशातच ठेवा. माझं अ‍ॅम्प्लिफायर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, २२ वर्षं याच आवाजांच्या मागे आहे. तुमच्या एका धाग्यात चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि चारही एकाच कार्डाने जातील असं तुम्हाला सांगितलं गेलंय. ती सुटी करू.

पहिलं दुखणं 'हंऽऽऽ'. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा घुमारा ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येतो, तो जाडा आणि एकसारखा असतो. दुसरं 'चीं चीं'. ते बारीक, आणि काम बदललं की बदलतं. माऊस, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क यांच्या सिग्नलची खरखर साउंडच्या तारेत घुसते तेव्हा ते येतं. या दोघांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. तिसरं, माईकचा बारीक आवाज. चौथं, पावलांची दिशा. चौथ्याचा आणि कार्डाच्या किमतीचा जवळजवळ संबंध नाही.

आज संध्याकाळी एवढं करून बघा आणि इथे लिहा:

१) हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत एक बारीक वायर मदरबोर्डवरून, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते. 'चीं चीं' तिच्यातच जास्त शिरतं.

२) पायात रबरी चप्पल घालून, कोरड्या हाताने, उलट्या बोटाने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला, मागच्या स्क्रूला अलगद लावून बघा. झिणझिणतं का? आणि हात लावल्यावर 'हंऽऽऽ' कमी-जास्त होतो का?

३) माईकच्या बुडाशी तीन पिना आहेत का ते बघा.

गोमाई (शहादा) – सोमवार, दुपारी ४.१०

आजीच्या गाण्यांसाठी धागा काढलात, फार बरं वाटलं. मी मुलांना हार्मोनियम आणि सुगम शिकवते. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन क्लास घ्यायची वेळ आली तेव्हा मीही आधी साउंड कार्डच शोधत होते. मग कळलं की आपल्याला हवं त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. यूएसबीवर चालणारी छोटी डबी. पुढे माईक लावायचं मोठं भोक, आवाजाचं बटण, हेडफोनची जागा. गेमचं साउंड कार्ड मुख्यतः बाहेर पडणाऱ्या आवाजासाठी बनवलेलं असतं, इंटरफेस आत येणाऱ्या आवाजासाठी. तुमचं काम आत येणाऱ्या आवाजाचं आहे.

गिरणाकाठी दादा म्हणतात तसं आधी तपासून घ्या.

पांझरा – सोमवार, संध्याकाळी ६.४५

गिरणाकाठी दादा, तुमचा मान ठेवून विचारतो. गेमिंगसाठी साउंड कार्डाचा काहीच उपयोग नाही, हे पटत नाही. मग आम्ही तेव्हा जे ऐकलं ते काय होतं?

गिरणाकाठी – सोमवार, रात्री ९.१५

तुम्ही ऐकलं ते खरंच होतं, पांझरा भाऊ. ते आता का नाही, ते सांगतो.

साउंड ब्लास्टर आलं १९८९ मध्ये. त्या काळात पीसीचा स्वतःचा आवाज म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची 'टीं'. आवाज घडवायला वेगळी चिप लागायचीच. १९९८ चं लाइव्ह आणि २००१ चं ऑडिजी या कार्डांवर आवाजासाठी वेगळा प्रोसेसर होता. गुहेचा घुमारा, भिंतीआडचा दबलेला आवाज हे सगळं तो कार्डावर करायचा. साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीने त्याला ईएएक्स नाव दिलं होतं. तेव्हाच्या प्रोसेसरला हा भार पेलणारा नव्हता, म्हणून ज्याच्याकडे कार्ड त्यालाच तो आवाज.

मग विंडोज व्हिस्टा आलं, २००७ मध्ये ते सगळ्यांच्या हातात पडलं. त्यात मायक्रोसॉफ्टने आवाजाची मांडणी बदलली आणि डायरेक्टसाउंडचा (गेम ज्यातून आवाज पाठवायचे तो विंडोजचा भाग) थेट हार्डवेअरशी असलेला रस्ता बंद केला. गेम त्या कार्डाच्या प्रोसेसरशी पूर्वीसारखं बोलू शकेना. जुन्या गेमसाठी क्रिएटिव्हने अल्केमी नावाचं सॉफ्टवेअर काढलं, पण नवीन गेम बनवणाऱ्यांनी घुमारा आणि दिशा स्वतःच्या इंजिनातच करायला सुरुवात केली. आज ते काम तुमचा सीपीयू सहज करतो. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ असतं. आपलं डोकं आणि कानाची पाळी यांमुळे मागचा आवाज पुढच्यापेक्षा वेगळा ऐकू येतो, तो फरक गणिताने साध्या दोन कानांच्या हेडफोनमध्ये आणायची ही पद्धत.

त्यामुळे बोरीकाठ, तुमच्या चौथ्या दुखण्याचा उपाय फुकट आहे. गेममधलं एचआरटीएफ चालू करा. हेडसेटसोबत आलेलं '७.१ सराउंड' बंद करा आणि विंडोजमधलं स्पेशिअल साउंडही (Spatial sound) बंद करा. गेमने दिशा घालून दिलेल्या आवाजावर दुसऱ्याने पुन्हा दिशा घातली की दोन्हींचा चिखल होतो. तुम्हाला पावलं कळत नाहीत याचं कारण बहुधा हेच असावं.

आतलं कार्ड कुठे उपयोगी पडतं तेही सांगतो. ऑनबोर्ड खूपच जुनं किंवा बिघडलेलं असेल तर. हेडफोन २५०-३०० ओहमचे असतील आणि मदरबोर्डच्या जॅकला ते जोरात वाजवता येत नसतील तर. असूसचं झोनर एसई घ्या, किंवा साउंड ब्लास्टर एई-५, ज्यात ईएसएस सेबर डॅक (डिजिटल आवाज तारेतल्या सिग्नलमध्ये बदलणारी चिप) आहे आणि सिग्नल-खरखरीचं जाहीर गुणोत्तर १२२ डेसिबल. वाईट म्हणण्यासारखं त्यांत काही नाही. पण रिअलटेकच्या एएलसी१२२० या ऑनबोर्ड चिपचाही जाहीर आकडा १२० आहे. सीडीचा १६ बिट आवाज सगळा मिळून ९६ डेसिबलमध्ये मावतो. आपल्या घरातला कूलर चालू असताना या आकड्यांतला फरक कानाला कळत नाही. चिप आज क्वचितच आड येते. आड येतं ते आजूबाजूचं वायरिंग.

आणि ज्याच्याकडे ते जुनं लाइव्ह पडून असेल त्याने आजच्या मदरबोर्डात ते बसवायला जाऊ नये. ते पीसीआय स्लॉटचं. आता पीसीआय-ई असतं, खाच वेगळी.

पांझरा – सोमवार, रात्री ९.५०

एवढं नीट कोणी सांगितलंच नव्हतं दादा. व्हिस्टाची गोष्ट मला माहीत नव्हती. नवीन पीसी घेतला तेव्हा कार्ड घेऊनही तो आवाज का नाही आला, ते आज समजलं. तेव्हा मी कार्डालाच दोष दिला होता.

बोरीकाठ – मंगळवार, रात्री ८.३०

तपासलं.

१) मागच्या जॅकला लावल्यावर 'चीं चीं' जवळजवळ गेलं! एकदम शांत खोलीत कान देऊन ऐकलं तरच थोडंसं.

२) पत्र्याला बोट लावलं तर मुंग्या आल्यासारखं झिणझिणतं. आणि बोट ठेवल्यावर 'हंऽऽऽ' कमी होतो, काढलं की परत वाढतो. आई म्हणते, फ्रिजला पण कधीकधी असं होतं.

३) माईकला तीन पिना आहेत. सोबत आलेली वायर एका बाजूला तीन पिनांची आणि दुसऱ्या बाजूला साधा ३.५ चा जॅक.

४) एचआरटीएफ चालू केलं, ७.१ बंद केलं. मागून आलेला माणूस पहिल्यांदा 'मागून' आला. धन्यवाद दादा, खरंच.

गिरणाकाठी – मंगळवार, रात्री ९.४०

तुमच्या घराची अर्थिंग गेली आहे. साउंडचा विषय दोन मिनिटं बाजूला ठेवा, हे आधी.

काय होतं ते समजून घ्या. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) फेजपासून बॉडीला आणि न्यूट्रलपासून बॉडीला असे दोन छोटे कपॅसिटर असतात. खरखर अर्थमध्ये घालवायची हे त्यांचं काम. अर्थ जागेवर असेल तर ती खरखर जमिनीत जाते. अर्थ नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा म्हणून फक्त झिणझिणतं. पण साउंडची जमीन त्याच पत्र्याला बांधलेली असते, म्हणून तो तरंग हेडफोनमध्ये आणि माईकमध्ये 'हंऽऽऽ' होऊन येतो. तुम्ही बोट लावलं तेव्हा तुमचं शरीरच अर्थ झालं, म्हणून आवाज कमी झाला.

आता आपल्या भागाचं. खान्देशात बहुतेक जागी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातला पाइप किंवा पट्टी त्या भेगांमुळे मातीपासून सुटते. कोरडी माती वीज नेत नाही. त्यात मीठ-कोळसा घालून १५ वर्षं झालेली, पाणी कुणी टाकत नाही, वरून फरशी बसवून टाकलेली. मे महिन्यात माझ्याकडे 'अ‍ॅम्प्लिफायर घुमतो' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत असतो. काही घरांत तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकात तारच जोडलेली नसते.

हे साउंडपेक्षा मोठं आहे कारण तुमच्या घरात कूलर असणार. पाणी, पत्रा आणि मोटार एकत्र. अर्थ नसताना मोटारीचं इन्सुलेशन गेलं तर झिणझिणण्यावर भागत नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. वायरमनला उद्याच बोलवा. तो मल्टिमीटरने सॉकेटमध्ये तीन आकडे घेईल: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा एक-दोन व्होल्ट यायला हवा. तुम्ही स्वतः सॉकेटमध्ये काही घालू नका.

आणि कोणी सांगेल की प्लगची तिसरी पिन काढून टाका, घुमारा जाईल. कधीकधी जातोही. ते करायचं नाही.

केळीबाग – बुधवार, सकाळी ६.५०

दादा, तुमचं वाचून मी पण काल रात्रीच टेस्टर लावून बघितला. पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला दिवा लागतो. आज वायरमन येतोय.

पुण्यातला_खान्देशी (मूळ चोपडा) – बुधवार, सकाळी १०.३०

वाखूसा (वाचनखूण साठवली). गोमाई ताईंच्या मुद्द्यात थोडी भर, मी इथे एका छोट्या स्टुडिओत बसतो.

माईकचा आवाज बारीक का, तर कंडेन्सर माईकला चालायला ४८ व्होल्ट लागतात, त्याला फँटम पॉवर म्हणतात. पीसीच्या गुलाबी जॅकमध्ये मिळतात जेमतेम दोन ते पाच व्होल्ट. ते हेडसेटच्या बारक्या माईकसाठी. त्यावर तीन पिनांचा कंडेन्सर उपाशीच राहतो. मग आपण विंडोजमध्ये माईक बूस्ट वाढवतो आणि आवाजासोबत खरखरही कितीतरी पट होते. माईक खराब आहे असं समजून फेकू नका. ती ३.५ वाली वायर बाजूला ठेवा आणि दोन्हीकडे तीन पिनांची एक्सएलआर केबल घ्या.

८ हजारात बसणारे इंटरफेस आहेत. बेहरिंगरचा यूएम२ सगळ्यात साधा: एक माईक, एक वाद्य, ४८ व्होल्ट, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. त्याच्यासोबत विंडोजवर एएसआयओ४ऑल नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरावं लागतं. त्याच कंपनीचा यूएमसी२०२एचडी २४ बिटचा, दोन माईकचा, स्वतःच्या ड्रायव्हरसह. फोकसराइट स्कार्लेट सोलो चांगला आहे, पण तुमच्या बजेटच्या वर जाईल. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन. किमती रोज बदलतात म्हणून आकडा लिहीत नाही.

माझं मत: १६ नको, २४ बिटचाच घ्या. आजीसाठी. ओवी म्हणणारी बाई हळू सुरू करते आणि मध्येच आवाज चढवते. २४ बिटमध्ये तुम्ही बटण खालीच ठेवू शकता, सगळ्यात चढलेला सूरही उणे १२ डेसिबलच्या आत राहील असं. हळू आवाज नंतर वाढवता येतो, खरखर न वाढता. पण एकदा लाल दिवा लागून फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. आजीला 'परत म्हण' असं किती वेळा सांगणार?

किलोहर्ट्झच्या मागे लागू नका. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो, माणसाला २० च्या वर ऐकू येत नाही. ४८ ठेवा, पुढे व्हिडिओला जोडायलाही सोपं.

भुसावळ_लोकोशेड – बुधवार, दुपारी १.१५

धागा पळवत नाही, एकच प्रश्न. माझ्याकडे खरा ५.१ स्पीकर सेट आहे, मागे हिरवा-काळा-केशरी असे तीन जॅक जातात. मी इंटरफेस घेतला तर चालेल का?

गिरणाकाठी – बुधवार, दुपारी ३.००

नाही चालणार. हे छोटे इंटरफेस दोनच चॅनल बाहेर देतात. तुम्हाला मदरबोर्डचे तीन जॅक किंवा आतलं साउंड कार्डच लागेल. इथे पांझरा भाऊंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ऑप्टिकल केबलने जमेल असं वाटेल, पण तिच्यातून साधा आवाज दोनच चॅनल जातो. ५.१ चे सगळे चॅनल पाठवायचे तर डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखं दाबून पाठवणारं कार्ड आणि ते उलगडणारा अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही हवेत. ऑप्टिकलचा एक गुण मात्र सांगतो: काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, तांब्याची जोडणीच नसते, त्यामुळे पीसीचा घुमारा पलीकडे जात नाही.

बोरीकाठ – शुक्रवार, रात्री ९.००

वायरमन काका काल आले. आकडे लिहितो: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ १३०, न्यूट्रल-अर्थ ९७. काकांनी बघताक्षणी मीटर खाली ठेवला आणि म्हणाले, "आर्थिंगच नही शे भो." मागच्या वाड्यात खड्डा उकरला तर पट्टीला जोडलेली तार गंजून तुटलेली. माती इतकी भेगाळलेली की पट्टीच्या बाजूने अख्खा हात आत गेला. नवीन पाइप टाकला, मीठ-कोळसा भरला, चार बादल्या पाणी. आता न्यूट्रल-अर्थ १.४.

कूलरच्या जाळीला त्यांनी आधी टेस्टर लावला होता. पेटला. रोज दुपारी आजी त्या कूलरच्या समोर खाट टाकून झोपते आणि उठताना जाळीचा आधार घेते. काल रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. कूलरची मोटार बदलायला दिली आहे आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवला.

आणि हो, हेडफोन लावला. 'हंऽऽऽ' नाही. अजिबात नाही.

एकूण खर्चात साउंडच्या बजेटमधले बरेच पैसे गेले, पण बाबा म्हणाले तुझा माईकचा डबा मी घेऊन देतो.

गोमाई – शुक्रवार, रात्री ९.२०

देवच पावला म्हणायचं. आजींना माझा नमस्कार सांगा.

पांझरा – शुक्रवार, रात्री ९.३५

+१. मी उद्या आमच्या घरचा खड्डा बघतो.

बोरीकाठ – शनिवार, सकाळी ११.१०

आता दोन मतं ऐकली, ती इथे मांडतो. एक मित्र म्हणतो कंडेन्सर विकून टाक, डायनॅमिक माईक घे, तो आजूबाजूचं ओढत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि गेम खेळताना हाच इंटरफेस चालेल की जॅक सारखे बदलावे लागतील?

गोमाई – शनिवार, दुपारी १२.३०

मुलांना गाताना मी डायनॅमिकच देते. शूअरचा एसएम५८ १९६६ पासून स्टेजवर टिकून आहे तो उगाच नाही. पण त्याच्या अगदी जवळ, चार बोटांवर तोंड धरून गावं लागतं. आजूबाजूचं ओढत नाही त्याचं मुख्य कारण तेच, गाणारा जवळ असतो. ८१ वर्षांच्या आजी माईकला तोंड लावून ओवी म्हणतील का? त्या मान हलवतील, हात हलवतील, मध्येच तुमच्याकडे बघून काही सांगतील. जात्यावर बसल्या तर पुढे-मागे झुलतील. त्यांना माईक विसरायला लावायचा असेल तर कंडेन्सरच ठेवा, हात-दीड हात लांब, तोंडाच्या रेषेत न ठेवता थोडा वर आणि बाजूला, म्हणजे 'प', 'फ' चा फुंकर थेट बसणार नाही.

आणि खोली शांत करा. पंखा, कूलर, फ्रिज बंद. दुपारी उकाड्याने जीव जाईल म्हणून पहाटे करा. त्या वेळी रस्त्यावर गाड्याही नसतात. मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टाका. आपल्याकडच्या पत्र्याच्या आणि गिलाव्याच्या खोल्या फार वाजतात. मी स्वतः गोधड्या टाकून करते, विकतच्या फोमपेक्षा जाड गोधडी चांगली.

पुण्यातला_खान्देशी – शनिवार, दुपारी १.००

ताईंशी सहमत. गेमसाठी: हेडफोन इंटरफेसलाच लावा, विंडोजमध्ये तोच डिफॉल्ट करा, काही बदलावं लागत नाही. दोन चॅनल आहेत आणि एचआरटीएफला दोनच लागतात. एक होईल: स्ट्रीम करताना ओबीएसमध्ये (स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) तुमचा आवाज एकाच कानात येईल, कारण माईक पहिल्या चॅनलवर आहे. तिथे मोनोवर टिक करा.

बफरचंही सांगून ठेवतो, म्हणजे पीसी आवाज ज्या छोट्या तुकड्यांत साठवून पुढे देतो तो तुकडा. २५६ सँपलचा बफर आणि ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सव्वापाच मिलिसेकंद. जाऊन-येऊन १०-१२ धरा. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे हा उशीर साडेतीन-चार मीटरवर बसलेल्या माणसाइतका. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये तेवढा उशिरा आला तर तो अडखळतो. यासाठी इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, त्याने आवाज पीसीत न जाता थेट हेडफोनला येतो. आजींना तर हेडफोन देऊच नका. बफर ५१२ वर ठेवा, तडतड होणार नाही. ब्लूटूथ हेडफोन यात कुठेही आणू नका, त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो, गेमलाही वाईट.

बोरीकाठ – तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.२०

यूएमसी२०२एचडी घेतला. एक्सएलआर केबल वेगळी.

आज पहाटे साडेचारला उठलो. आजी माझ्या आधी उठलेली होती, आंघोळ करून कोरं लुगडं नेसून बसली होती. मधल्या घरात तीन गोधड्या टांगल्या, फ्रिजची पिन काढली. मागच्या खोलीतलं जातं बाबांनी आणि मी उचलून आणलं. तिने मूठभर ज्वारी टाकली, म्हणाली रिकाम्या जात्यावर ओवी येत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. बटण बरंच खाली. सर्वांत वरचा सूर उणे १४ ला गेला. ४१ मिनिटं सलग म्हणत होती, फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास झाली. मागे काहीही नाही. जात्याची घरघर, बांगड्या आणि ती. मध्ये एका ठिकाणी लांब गाडीचा भोंगा आहे, तो राहू देतोय.

मग तिला हेडफोन लावून दिला. डोळे मिटून अख्खं ऐकलं. शेवटी म्हणाली, तिसऱ्या ओवीत एका जागी भावाचं नाव घ्यायचं राहिलं, उद्या परत म्हणते.

गोमाई – रविवार, दुपारी ४.४५

म्हणू द्या. पण आजची फाइल पुसू नका, उद्याची वेगळ्या नावाने ठेवा. आणि दोन्हींची एकेक प्रत आजच पेन ड्राइव्हवर, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

बोरीकाठ – रविवार, संध्याकाळी ५.०५

एक प्रत आत्या नेते आहे, धरणगावला. उद्यासाठी ज्वारी निवडून ठेवली आहे.